ओळीच्या शेवटचे ठिपके

१४ मार्च १९८८, सोमवार

मशीन आज लागलं. नागपूरच्या दोन इंजिनियरांनी कंपनीच्या बालाघाट ऑफिसातल्या मागच्या खोलीत ते बसवलं, एसी चालू केला आणि दारावर चपला बाहेर काढायची पाटी ठोकली. किल्ली माझ्याकडे दिली. नऊ वर्षं ज्यानं टाइपरायटरच्या रिबनी बदलल्या, त्याच्याकडे आता गार खोली आहे. मॅनेजर घनश्यामबाबू सगळ्यांसमोर म्हणाले, खेमराज रामटेके आजपासून आपला कंप्यूटर बाबू. बाकीच्या टाइपिस्टांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

ही डायरी मराठीत लिहितोय, कारण ऑफिसात बाकी सगळे हिंदीवाले आहेत. कुणी उघडलीच तर निम्मीच कळेल.

घरी सांगितलं तर माय म्हणाली, गार हवेत बसत जाऊ नको, छाती धरते. छातीचं दुखणं आमच्या घरात टिकाराम भाऊजींनी एकट्यानं उचललंय. भाऊजी म्हणजे अंजनाताईचा नवरा. कोसमटोल्याला आमच्याच कंपनीच्या खाणीत ड्रिल चालवतात, बारा महिने खोकतात आणि बिडी काही सोडत नाहीत.

१६ मार्च

पहिलं काम मिळालं. खाणीच्या दवाखान्यात डॉ. चिंतामण हरकरे होते, ते गेल्या दिवाळीत वारले. अकरा वर्षांत त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कामगाराची एकेक ओळ त्यांच्या रजिस्टरात आहे. ती रजिस्टरं नागपूरला टाइप करायला गेली होती आणि आता चार फ्लॉप्यांवर बसून आली आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, खातं आणि शेवटी शेरा. शेरा सगळ्यांचा एकच, ‘फिट’. महिनाअखेर स्वच्छ यादी छापून द्यायची, मग रजिस्टरं ठेवायचं कारण नाही.

टाइप करणाऱ्या मुलीचं नाव प्रत्येक फ्लॉपीवर आहे, प्रेमलता. बाईंनी रजिस्टरात जे दिसलं ते सगळं उतरवलंय. ड्रिल खातं तीन तऱ्हांनी लिहिलंय, कुठे दोन शब्दांत हातभर जागा. हाताने दुरुस्त करायचं तर दोन महिने लागले असते. पण नागपूरला ट्रेनिंगच्या दीड महिन्यात मी झोपा नाही काढल्या. ग्रेप म्हणून एक हुकूम आहे, तो आपण सांगू त्या खुणेच्या ओळी शोधून समोर टाकतो. सेड म्हणून दुसरा आहे, तो सापडलेलं बदलतो किंवा पुसतो. एक ओळ लिहायची आणि बोट दाबायचं. आज तीनही ड्रिल एक झाले. मला अशा कामात जो आनंद होतो तो कुणाला सांगायची सोय नाही. लहानपणापासून मी असाच आहे, ताटात भाताला भाजी लागलेली चालत नाही.

१८ मार्च

मयत लोक काढले. घनश्यामबाबूंनी कागद दिला होता, एक्केचाळीस नंबर. ते नंबर मी वेगळ्या फाइलीत टाकले आणि एका हुकुमात सगळ्या ओळी गाळल्या. आता यादीत सहाशे अकरा उरले.

गाळण्याआधी एकदा पडद्यावर बघून घेतले. एक गंमत दिसली. एक्केचाळीसपैकी अडतीस ओळींच्या शेवटी फिटच्या पुढे ठिपके होते, कुठे दोन, कुठे तीन. जुनी पानं जास्त हाताळली जातात, त्यावर घाणही जास्त. प्रेमलताबाईंनी माशी बसलेली जागासुद्धा टाइप केलेली दिसते.

१९ मार्च, शनिवार

आज स्वतःवरच हसलो. म्हटलं जिवंत यादीत किती ओळींपुढे ठिपके आहेत ते मोजावं. ग्रेपला सांगितलं, ज्या ओळीच्या शेवटी ठिपका आहे त्या मोज. उत्तर आलं सहाशे अकरा. म्हणजे सगळ्याच. घाबरलो. मग आठवलं, या भाषेत नुसता ठिपका म्हणजे ‘कुठलंही अक्षर’. खराखुरा ठिपका हवा असेल तर त्याच्याआधी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर त्याला ठिपका म्हणून कुणी ओळखत नाही. रेघ दिली. उत्तर आलं एकशे सत्तेचाळीस.

एवढ्या ओळींच्या शेवटी कचरा सापडला हे घनश्यामबाबूंना सांगायला गेलो, कौतुक होईल म्हणून. ते ऐकत होते, मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की कुठल्या खात्यात किती ते निघेल का. निघेल म्हटलं. सोमवारी द्या म्हणाले. एवढ्या बारीक गोष्टीत त्यांनी रस घेतला याचं बरं वाटलं.

२१ मार्च, सोमवार

खातेवार आकडे काढून दिले. ड्रिल अठ्ठ्याण्णव. क्रशर बेचाळीस. लोडिंग सात. ऑफिस, गोदाम, ड्रायव्हर, शून्य. मी विनोद केला की माशांनासुद्धा ऑफिसातले लोक आवडत नाहीत. घनश्यामबाबू हसले नाहीत. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "ये आखिर का कचरा साफ कर दो. आज ही."

साफ केलं. सगळा हुकूम आठ खुणांचा:

s/\.*$//

अर्थ एवढाच, ओळीच्या शेवटी जेवढे ठिपके असतील तेवढे जाऊ दे. बोट दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. पुन्हा मोजलं, शून्य. यादी इतकी सुरेख दिसत होती की दोनदा छापली.

फ्लॉप्या आपल्याकडे कमी आहेत, म्हणून नागपूरच्या चारही पुसून कोऱ्या केल्या. नवं काम नव्यावर. नागपूरला तसंच शिकवलंय.

२६ मार्च

घनश्यामबाबूंनी मला सगळ्यांसमोर घड्याळ दिलं. रजिस्टरं परवाच गेली. गेली म्हणजे मागच्या अंगणात जाळली. मला वाटलं होतं रद्दीत देतील.

१४ एप्रिल, गुरुवार

बाबासाहेबांची जयंती. बौद्ध वॉर्डातून मिरवणूक निघाली. दरवर्षी भाऊजी झेंड्याचा बांबू धरतात, तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. यंदा बसस्टँडच्या अलीकडेच थांबले आणि ओट्यावर बसले. मी जवळ गेलो. ओठ निळे पडले होते. म्हणाले, "काई नाई, दम लागून राह्यला थोडासा. तू जा समोर." मी बिडीवरून बोललो. ते म्हणाले, "बिडी तं दोन साल झाले सोडून. तुले कोन सांगन, तू येतच नाई घरी."

हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. बांबू मी धरला.

२७ जून

भाऊजींना कामावरून काढलं. कंपनीच्या नव्या डॉक्टरनं टीबी लिहिला. टीबी घरातला असतो, खाणीतला नाही, म्हणून कंपनी काही देणं लागत नाही.

ताई त्यांना गोंदियाला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला ही धूळ आहे, कोरड्या ड्रिलची, सतरा-अठरा वर्षांची. थुंकीत टीबीचा जंतू नाही. ताईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज जवळजवळ आनंदाचा होता. धूळ असेल तर भरपाई मिळते, पोरींची शाळा सुटत नाही. माणसाला काय काय गोष्टींचा आनंद मानावा लागतो.

८ ऑगस्ट

युनियनचे हिरालालजी घरी आले होते. श्रम अधिकाऱ्याकडे अर्ज केलाय. कंपनी म्हणते, गोंदियाचा फोटो आत्ताचा आहे, आजार नोकरीत असतानाच लागला याला पुरावा काय. हिरालालजी म्हणाले, पुरावा कंपनीच्याच दवाखान्यात आहे, हरकरे डॉक्टर दरसाल सगळ्यांचे फोटो काढत होते, त्यांचं रजिस्टर मागवलंय. मला विचारलं, रजिस्टर तुझ्याकडूनच गेलं ना? मी म्हटलं हो, पण त्यात काही नाही. सगळे फिट आहेत. मी स्वतः पाहिलंय.

 हिरालालजी म्हणाले, तो डॉक्टर भला माणूस होता, सगळे फिट लिहिणारा नव्हता.

२९ ऑगस्ट

कंपनीनं रजिस्टराच्या जागी माझी यादी दिली. प्रत्येक पानाखाली सही, ‘मूळ नोंदीबरहुकूम’, खेमराज रामटेके. भाऊजींची ओळ ४१७. फिट. हिरालालजींनी तो कागद आमच्या जेवणाच्या पाटावर ठेवला. ताई वाचत बसली. ती चौथी शिकलेली आहे, पण तेवढं इंग्रजी तिला वाचता येतं.

मला झोप लागत नाही. अडतीस मयत डोळ्यांपुढे येतात. एक्केचाळीसपैकी अडतीस. आणि ड्रिलचे अठ्ठ्याण्णव. हिशोब मीच मांडला होता, मीच त्यावर विनोद केला होता.

४ सप्टेंबर, रविवार

आज हिंमत करून हरकरे डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई एकट्याच राहतात. ओळख सांगितली, रजिस्टराबद्दल विचारायचंय म्हटलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. मी विचारलं, डॉक्टरसाहेब नावापुढे ठिपके देत होते का.

त्या म्हणाल्या, "आजार लिहायचा नाही अशी ताकीद होती. लिहिलं तर दुसरा डॉक्टर आणू म्हणाले. मग यांनी ठिपके द्यायला सुरुवात केली. एक म्हणजे फोटोत छाया आहे. दोन म्हणजे याला धुळीतून काढा. तीन म्हणजे याला आता घरी जाऊ द्या." मग म्हणाल्या, "ते म्हणायचे, कधीतरी कुणीतरी विचारील, हे काय आहे म्हणून. विचारायला तुम्हीच पहिले आलात."

मी सांगून टाकलं. रजिस्टर जाळलंय आणि ठिपके मी पुसलेत. कचरा म्हणून.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "किती वेळ लागला तुम्हाला?" मी खरं सांगितलं, एक सेकंदसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना अकरा वर्षं लागली." मग आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मी तो प्यालो. कसा प्यालो कुणास ठाऊक.

५ सप्टेंबर

सकाळी सातला ऑफिस उघडलं. मशीनमध्ये, कोऱ्या केलेल्या फ्लॉप्यांवर, सगळीकडे शोधलं. ज्या फ्लॉप्या पुसल्या त्यांवर आता डिझेलच्या पावत्या आहेत. नागपूरला फोन लावला. टाइपिंगवाल्यांनी आपली प्रत काम पोचल्यावर पुसली. प्रेमलताबाईंशी बोलायला मिळालं. मी विचारलं, कुणाकुणापुढे ठिपके होते, काही आठवतं का. ती म्हणाली, साहेब, वर्षात चाळीस हजार ओळी टाइप करते, आठवणार कसं. पण तिला एवढं आठवत होतं की तिच्या सुपरवायझरनं ठिपके वगळ म्हटलं होतं आणि तिनं वगळले नाहीत. डॉक्टरनं प्रत्येक ठिपका पेन दाबून दिला होता म्हणाली, कागदाला मागून टोचत होता.

तिला कळलं होतं. मला नाही.

घनश्यामबाबूंकडे गेलो. त्यांना ठिपक्यांचा अर्थ माहीत होता का असं सरळच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "हमने तो कचरा हटाने को कहा था, खेमराज. कचरा क्या है, ये तुमने हमको बताया." हेही खरंच आहे, आणि तेच जास्त लागलं.

२ ऑक्टोबर

हिरालालजी म्हणाले, तू साक्ष दे. ठिपके होते, किती होते, कुणी पुसायला लावले, सगळं सांग. नोकरी जाईल. मी हो म्हटलं. मायला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, की हे सांगून जवाई बरा होईल का. मी नाही म्हटलं. मग ती कुकर लावायला उठली.

भाऊजींना आता पाठीवर झोपता येत नाही. उशा रचून बसून असतात. मी जातो तेव्हा कंप्यूटरचं विचारतात. माझ्यावर रागवत नाहीत, त्यामुळे तिथे बसवत नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

आज सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

मी सगळं सांगितलं. एकशे सत्तेचाळीस ठिपकेवाल्या ओळी, खातेवार आकडे, आठ खुणांचा हुकूम. अधिकारी लिहून घेत होते. कालिंदीबाई आल्या होत्या, त्यांनी ठिपक्यांचा अर्थ सांगितला. हिरालालजींचा चेहरा खुलला होता. मलाही वाटलं, जमलं.

मग कंपनीचे वकील उठले. गोड माणूस. त्यांनी माझ्या हुशारीची तारीफ केली आणि विचारलं की चारशे सतरा नंबर, टिकाराम, याच्या ओळीपुढे बिंदी होती का.

मला माहीत नाही. मार्चमध्ये सहाशे ओळी पडद्यावरून सरकत गेल्या आणि त्यात माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची ओळ कुठे आहे हे मी शोधलंसुद्धा नव्हतं. हे सगळ्यांत वाईट आहे, आणि हे वकिलांना माहीत असायचं कारण नव्हतं. समोर ताई बसली होती. तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "हौ. होते. दोन."

वकील म्हणाले, "बहुत अच्छी याददाश्त है. अब बाकी एक सौ छियालीस नाम भी बता दीजिए."

मी उभा राहिलो. एकही नाव सांगता येईना. जी नावं खाणीत सगळ्यांना माहीत आहेत, जे उघड उघड खोकतात, त्यांचीसुद्धा नावं सांगायची भीती वाटली, की हेही खोटं ठरेल.  वकिलांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की साक्षीदार हा अर्जदाराचा साळा आहे, एवढंच नोंदवून घ्यावं.

अर्ज फेटाळला. खरं सांगितलं असतं, की आठवत नाही, तर निदान ठिपके तरी टिकले असते. बाकीच्यांना पुढे त्यांचा उपयोग झाला असता. मी एका खोट्यानं तेही पुसले.

बाहेर ताई म्हणाली, "तू काहून बोलला तसा? मी तुले म्हनलं होतं का?"  रिक्षात आमच्यामध्ये भाऊजींच्या औषधाची पिशवी होती.

२२ ऑक्टोबर

नोकरी गेली. किल्ली परत केली. घड्याळही ठेवून आलो.

६ नोव्हेंबर, रविवार

खाणीतले लोक घरी येऊ लागले आहेत. आधी दोघे आले, आज सात जण होते. चपला काढून ओट्यावर बसतात आणि आपापला नंबर सांगतात. माझ्यापुढे होता का, बाबू? एक होता का दोन? एक म्हातारा सत्यभामाबाई नावाच्या आपल्या सुनेला घेऊन आला होता, मुलगा चालू शकत नाही म्हणून. प्रत्येकाला मी तेच सांगतो, आठवत नाही. ते मान हलवतात. टिकारामचं बरं आठवलं, असं कुणी तोंडावर म्हणत नाही. एकजण म्हणाला, "सोचून पाय बाबू, घाई नाई." आणि तासभर तसाच बसून राहिला.

११ डिसेंबर

भाऊजी सकाळी दहाच्या सुमाराला गेले. ताई आणि मी दोन्ही बाजूंनी धरून होतो. शेवटचे दोन दिवस ते हवा ओढत होते आणि हवा आत जात नव्हती. बेचाळीस वर्षांचे होते. कागदावर टीबी लिहिला.

२० डिसेंबर

कालिंदीबाईंकडे गेलो होतो. मी म्हटलं, यादी गेली, पण माणसं आहेत ना अजून. डॉक्टरसाहेब फोटोच्या आधी काय बघायचे? त्यांनी सांगितलं, पेटलेली काडी वीतभर लांब धरायची आणि तोंड उघडं ठेवून, ओठ न मिटता, विझवायला सांगायची. धड छातीचा माणूस सहज विझवतो. मग त्या म्हणाल्या, हा काही पुरावा नव्हे, कुणी मानणार नाही. मला माहीत आहे म्हटलं.

१५ जानेवारी १९८९, रविवार

रोज सायकलनं कोसमटोल्याला जातो. वही आहे, काड्यापेटी आहे. टोलीत, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, एकेका घरी बसतो. नाव, बापाचं नाव, खातं, किती वर्षं, रात्री किती उशा लागतात. मग काडी. ज्याची विझत नाही त्याचं नाव पूर्ण लिहितो, वाचून दाखवतो आणि त्याचा अंगठा घेतो. लोक आधी हसायचे, आता बाया काडी नीट दिसावी म्हणून आपणहून दिवा बाजूला करतात. हिरालालजी म्हणतात, नावं पुरी झाली की सगळ्यांना एकदम गोंदियाला फोटोसाठी नेऊ. किती जण तिथला जिना चढू शकतील हा प्रश्न आहे.

मला वाटायचं एकशे सत्तेचाळीसवर येऊन थांबेन. डॉक्टरांचे तेवढेच होते.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज एकशे त्रेपन्न झाले. दोन टोल्या अजून बाकी आहेत.

शेवटचं नाव पुनाराम. वय सव्वीस. सव्वा वर्षापूर्वी ड्रिलवर लागला. डॉक्टर तेव्हा वारलेले होते, म्हणजे त्यांच्या रजिस्टरात हा असणं शक्यच नाही. दोन लहान मुलं अंगणात खेळत होती. खोकला नाही, अंगानं दणकट, मला म्हणाला मले काई झालं नाई बाबू, बायको म्हनते म्हून बसतो. मी काडी धरली. त्यानं तोंड उघडून फुंकलं. ज्योत जराशी हलली. दुसरी धरली, तिसरी धरली. तिसरी माझ्या बोटापर्यंत जळत आली.

बायको दारात उभी होती.  मी नाव लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. पुनारामनं अंगठ्याची शाई धोतराच्या टोकाला पुसली आणि विचारलं, "मंग आता मी उद्या डूटीवर जाऊ का नाई जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत कुठल्याच ओळीला नाही. जाऊ नको म्हणालो तर मुलांना मी काय खायला घालणार आहे. जा म्हणालो असतो तर पुन्हा तेच केलं असतं जे मार्चमध्ये केलं. मी वही मिटली. त्यानं थोडी वाट पाहिली, मग मला सायकलीपर्यंत पोचवायला आला.

१३ फेब्रुवारी

सकाळी वहीत उशांचा रकाना भरायचा राहिला म्हणून पुन्हा त्याच्या घरी गेलो. बायको एकटीच होती. सहाच्या भोंग्याला डूटीवर गेला म्हणाली.